चुरी मास्तरांनी धरलेला दोर

माई, हेडमास्तर, शाळेच्या मंडळाचे सभासद, वाड्यांमधून आलेली मंडळी, आजची कामं टाकून पाचूबंदरहून चालत आलेले माझे लोक, आणि मुलांनो,

मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. हेडमास्तर म्हणाले, फिलोमिना, तू चुरी मास्तरांची विद्यार्थिनी, आता इथलीच शिक्षिका, तू बोल. मी नाही म्हणाले. मग काल संध्याकाळी मास्तरांच्या घरी, माईंकडे गेले. माई म्हणाल्या, "बोल. सगळं बोल. माझी काही हरकत नाही." त्यांनी सांगितलं म्हणून उभी आहे. आज जे सांगणार आहे त्यातलं थोडं तुम्हाला पटणार नाही. मी पटवायला आलेली नाही. पाहिलं ते सांगते, ऐकलं ते सांगते.

चुरी मास्तर भूगोल शिकवायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांचं खरं काम भूगोलाचं नव्हतं. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी त्यांना मुंबईला दोन महिने शिकायला पाठवलं होतं. मुलांना मार्गदर्शन कसं करावं, कुणी पुढे काय शिकावं, कुणाचं कुठे अडतंय ते कसं ओळखावं, असं ते शिक्षण. परत आले तेव्हा गावात थट्टा झाली. सल्ला द्यायला शिकायला कशाला लागतं, आम्ही फुकट देतो, असं लोक म्हणायचे. शाळेनं त्यांना जिन्याजवळची नकाशांची खोली दिली. आत दोन स्टुलं. मध्ये टेबल ठेवू दिलं नाही त्यांनी. टेबल आलं की मूल उत्तरं द्यायला लागतं, म्हणायचे. मला उत्तरं नकोत.

आप्पा तिथे मागे बसले आहेत. आप्पा, मी सांगितलं तर चालेल ना? आप्पा आपल्या मुलाला घेऊन आले होते. केळीची मोठी वाडी, वाळवलेली सुकेळी मुंबईपर्यंत जाणारी, एकच मुलगा. म्हणाले, मास्तर, ह्याला डॉक्टर व्हायचंय. मास्तर मुलाशी अर्धा तास बोलले आणि आप्पांना म्हणाले, "ह्याला इंजिनाचा आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं कळतं. माणसाचं रक्त पाहून ह्याला घेरी येते. आता तुम्हीच सांगा, ह्याला कुठल्या दवाखान्यात पाठवू?" आप्पा महिनाभर मास्तरांशी बोलले नाहीत. आज तो मुलगा मुंबईच्या कारखान्यात फोरमन आहे. आप्पा हसताहेत. बरं वाटलं.

असं त्यांचं काम. सल्ला ते अगदी शेवटी द्यायचे. पुष्कळदा द्यायचेच नाहीत. ते ऐकायचे.

आता माझं सांगते.

मी आठवीत होते. तेरा वर्षांची. त्या वर्षी होळीच्या आधी माझ्या बापूसची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. होडी परत आली. दोन खलाशी परत आले. बापूस आला नाही. पाचूबंदरच्या माणसांनी आठ दिवस शोधलं. तुमच्यापैकी कितीतरी जण होते शोधायला. काही सापडलं नाही. चर्चमध्ये मिस्सा झाली, पण पुरायला काही नव्हतं, म्हणून थडग्यावरचा क्रूस, आम्ही खुरीस म्हणतो, तोही उभा केला नाही.

महिना गेला. शाळा सुरू होती. मी वर्गात बसले होते, गणित चाललं होतं. आणि मला हाक आली.

"फिलू, दोर धर."

तुमच्यातले बंदरावरचे लोक ओळखतील. होडी धक्क्याला लागते तेव्हा आतला माणूस दोर फेकतो आणि काठावरचं कुणीतरी तो झेलून बांधतं. आमच्या होडीचा दोर मी धरायचे. सहा वर्षांची असल्यापासून मीच. बापूस दुसऱ्या कुणाकडे फेकायचा नाही.

तोच आवाज. रडवा नाही, भेसूर नाही. उशीर झाल्यावर माणूस जसा जरा कंटाळून म्हणतो, तसा. इकडे मी खोळंबलोय आणि तू कुठे आहेस, तसा. म्हणूनच मला भीती वाटली नाही. मी उठले आणि वर्गातून चालू लागले. गणिताच्या मास्तरांना विचारलं नाही, दप्तर घेतलं नाही. बंदराशी गेले, किल्ल्याच्या दर्याकडच्या दरवाजातून बाहेर उतरले आणि चिखलात उभी राहिले. पाणी पार लांब गेलं होतं. समोर नुसता करडा चिखल, तिवरांची मुळं, आणि कुणी नाही. हाक मात्र चिखलापलीकडून येत होती.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. दर दिवशी मी थोडी पुढे जायचे. पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत गेला की आपला आपण निघत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही जात होते.

आयनं काय केलं नाही? फादरांकडे नेलं. एका म्हातारीनं मिठानं दृष्ट काढली. कुणी म्हणालं बांधून ठेवा, तर एक दिवस बांधूनही ठेवलं. मी हिसके दिले, मनगटं सोलली, आयनंच रडत सोडलं. सगळे एकच विचारायचे. खरंच ऐकू येतं का गं? की ढोंग करतेस? मी काय सांगणार? मी बोलणंच सोडलं.

शाळेच्या मंडळात विषय निघाला. मुलगी वेडी झाली आहे, इतर मुली घाबरतात, नाव काढून टाका. ज्यांनी हे म्हटलं ते आज हयात नाहीत, आणि त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. मुली खरंच घाबरायच्या. चुरी मास्तर म्हणाले, "नाव राहू द्या. मला पंधरा दिवस द्या." मंडळानं दिले. वर हेही सांगितलं, की मुलीला काही झालं तर जबाबदार तुम्ही. मास्तरांनी मान डोलावली.

मला नकाशांच्या खोलीत बोलावलं. मी स्टुलावर बसले, खाली बघत. त्यांच्या हातात वर्गशिक्षकांच्या तक्रारींचे कागद होते. प्रत्येकावर मी कधी उठून गेले ती वेळ लिहिलेली. ते म्हणाले, "सोमवारी तू साडेअकराला गेलीस. मंगळवारी सव्वाबाराच्या पुढे. बुधवारी एकनंतर. रोज पाऊण तासानं पुढे. आठवडाभर असं, मग सात-आठ दिवस तू मुकाट्यानं बसून असतेस, मग पुन्हा सुरू. वर्गात घड्याळ नाही. खिडकीतून दर्या दिसत नाही. तू ओहोटीला उठतेस, पोरी."

मी वर पाहिलं. आमच्या बंदरावरच्या एकालाही हे सुचलं नव्हतं. हा वाडीतला माणूस, पानवेलींत वाढलेला, ह्यानं ओहोटी ओळखली.

मग त्यांनी विचारलं, "काय म्हणतात ते?"

ऐकू येतं का, असं नाही विचारलं. खरं की खोटं, असं नाही. काय म्हणतात ते. आदरानं. माझ्या बापूसला आयुष्यात कुणी शाळामास्तरानं 'ते' म्हटलं नसेल.

मी सांगितलं. दोर धर म्हणतात.

"रागावलेत?"

"नाय. खोळंबलेत."

त्यांनी कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तुला जायचंय?"

मी म्हटलं, हो.

"चल मग. मी येतो."

मंडळी, विचार करा. ज्याच्यावर जबाबदारी टाकली होती, तो माणूस मला घेऊन स्वतः चिखलाकडे निघाला. घरी जाऊन आयला सांगितलं. आय म्हणाली, "मास्तर, तिचा बापूस तिला न्यायला बघतोय. तुमी तिला त्याच्या हाती देनार?" मास्तर म्हणाले, "बाई, ती एकटी जातेच आहे. मी फक्त बरोबर राहीन." आय दारात बसली ती आम्ही परत येईपर्यंत उठली नाही.

चार दिवस गेलो. रोज ओहोटीच्या वेळेला. ते काठावरच्या दगडावर उभे राहायचे, मी थोडी पुढे. मला हाक यायची. मी मागे वळून बघायचे, ते मान हलवायचे. म्हणजे, मला नाही ऐकू आलं. खोटं नाही बोलले. हो हो, मलाही येतं, असं म्हणून मला खूश केलं नाही. आणि तुलाही येत नाही, असंही म्हणाले नाहीत. परत येताना काही बोलायचे नाहीत. एकदा फक्त विचारलं, बापूस तुला काय काय सांगायचा? मी सांगत आले. महिन्याभरात पहिल्यांदा इतकं बोलले.

पाचव्या दिवशी वारा नव्हता. पान हलत नव्हतं. पाणी नेहमीपेक्षा लांब गेलं होतं. किल्ल्याच्या भिंतीवर रोज घारी असतात, त्या दिवशी एकही नव्हती. हाक आली, आणि ती जवळून आली. इतक्या जवळून कधी आली नव्हती. मी चालत सुटले. गुडघ्यापर्यंत गेले, मांडीपर्यंत गेले. मागून मास्तर आले. धोतर खोचलेलं, वहाणा काठावर. त्यांनी माझं मनगट धरलं.

आणि त्यांचा हात एकदम गार पडला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. डाव्या हाताला, तिवरांच्या एका तुटक्या झुडपाच्या पुढे, पाण्याच्या कडेला बघत होते. हाक तिथूनच येत होती. ती जागा मी कधी कुणाला दाखवली नव्हती. त्यांनाही नाही.

त्यांचा चेहरा मी आजपर्यंत विसरलेली नाही. घाबरलेला होता. शिक्षकांना घाबरलेलं आपण कधी बघत नाही. पण त्यांनी मनगट सोडलं नाही. दुसरा हात पुढे केला, तळवा उघडा, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा त्यांचा जो आवाज होता ना, त्या आवाजात म्हणाले,

"हिला शाळा आहे. दोर मी धरतो."

त्यांची बोटं मिटली. मी पाहिलं. रिकाम्या हातानं माणूस मूठ वळतो तशी नव्हे. काहीतरी हातात आल्यावर मिटतात तशी. हात खांद्यापासून ओढला गेला. ते एक पाऊल पुढे गेले, मग रेटून उभे राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग म्हणाले, "जा तू. मागे बघू नको. काठावर जाऊन उभी राहा."

मी गेले. मागे बघितलं नाही. थोड्या वेळानं ते चिखल तुडवत आले, वहाणा हातात घेतल्या आणि म्हणाले, "उद्या गणिताची वही आण."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. मुलांनी विचारलं. म्हणाले, विहिरीचा दोर लागला. त्यांच्या वाडीच्या विहिरीला रहाट आहे, बैल ओढतो, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. 

त्या दिवसापासून मला हाक आली नाही. एकदाही नाही. मी आठवी पास झाले, मॅट्रिक झाले, ट्रेनिंग कॉलेजला गेले, ह्या शाळेत लागले. आय जाईपर्यंत म्हणत राहिली, मास्तरांनी पोर परत आनली. मास्तर म्हणायचे, मी काही केलं नाही, तीच चालत आली.

आता पुढचं. हे फक्त माईंना आणि मला माहीत आहे.

मुलांनो, तुम्ही मास्तरांची एक नक्कल करायचात. मला माहीत आहे, मीही हसले आहे. शिकवता शिकवता ते मधेच थांबायचे. खडू फळ्यावर तसाच. मान थोडी डावीकडे. मग हळू आवाजात म्हणायचे, "आज नाही. मुलं आहेत." आणि पुन्हा शिकवायला लागायचे. तुम्ही म्हणायचात, मास्तर स्वतःशी बोलतात. मी इथे शिकवायला लागले तेव्हा मलाही तसंच वाटलं. कधी ओहोटीशी ताडून वेळ पाहिली नाही. मी, जिनं पाहायला हवी होती, तिनंच पाहिली नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. मी दुपारी बघायला गेले. वाडीत ऊन होतं, खाटेशेजारी खिडकी, बाहेर केळी. दर्या तिथून दोन मैल. ते मला म्हणाले,

"फिलोमिना, तुझे वडील फार शांत माणूस आहेत."

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही."

"पाहिलं नाही. नऊ वर्षं ऐकतोय."

 माई दारात उभ्या होत्या. मी खाटेच्या कडेला बसले. विचारलं, काय म्हणतात?

ते म्हणाले, "पहिली दोन वर्षं नुसतं दोर धर. मी म्हणायचो, धरलाय. मग माझं नाव घ्यायला लागले. नाव कुठून कळलं, देव जाणे. चला म्हणायचे. मी म्हणायचो, आज नाही, मुलं आहेत. तेवढ्यावर थांबायचे. कधी जोर केला नाही त्यांनी. आणि मग एक दिवस विचारलं, पोरगी कशी आहे?"

मास्तर थांबले. श्वास लागत होता. माई पाणी घेऊन आल्या.

"मग मी सांगत गेलो. चौथं वर्ष असेल. मॅट्रिक झाली म्हणून सांगितलं. ट्रेनिंगला गेली म्हणून सांगितलं. आय गेली, तेही सांगितलं. ते त्यांना आधीच ठाऊक होतं. तू पहिला वर्ग घेतलास त्या दिवशी मी खोलीत उभा राहून सांगितलं, आत्ता शिकवते आहे, नद्यांचा धडा आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बरं."

मी विचारलं, "मास्तर, मला का नाही सांगितलंत?"

"तू पुन्हा चिखलात गेली असतीस."

खरं आहे. गेले असते.

मग मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, "पहिली काही वर्षं फार वाटली. वाडीत विहिरीजवळ जायचो नाही. मग कळलं, त्या माणसाला सांगायचं होतं आणि विचारायचं होतं. त्याला कुणी ऐकून घेत नव्हतं. म्हणून तो ओढत होता. पुष्कळ मुलं अशीच असतात, फिलोमिना."

मंडळी, सरकारनं त्यांना दोन महिन्यांचं शिक्षण दिलं. हे कुणी शिकवलं होतं?

त्यानंतर तीन दिवसांनी ते गेले. गुरुवारी, दुपारी. शाळा भरलेली होती. माई जवळ होत्या. माईंनी सांगितलं ते तसंच सांगते. मास्तर झोपेत होते. डोळे उघडले, मान डावीकडे वळवली. माईंना वाटलं, पाणी हवं. ते म्हणाले, "आज येतो." एवढंच. मग श्वास थांबला.

मी धावत गेले तेव्हा माई त्यांचे पाय पुसत बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं आणि दाखवलं. मास्तर अकरा दिवस खाटेवरून उतरले नव्हते. पावलांना, बोटांच्या मधे, चिखल होता. वाडीची माती लाल असते. हा करडा होता. ओला होता. वास कसला होता ते पाचूबंदरच्या माणसांना सांगायला नको.

आम्ही दोघींनी पाय धुतले. कुणाला बोलावलं नाही. मी अर्थ लावत नाही, आज माईंच्या परवानगीनं फक्त सांगितलं.

त्यानंतर चार दिवस मी ओहोटीच्या वेळेला बंदरावर गेले. काठावरच्या दगडावर उभी राहिले, पुढे गेले नाही. मला बापूसला सांगायचं होतं की मी बरी आहे, मुलं अभ्यास करतात, आणि मास्तरांशी नीट वागा, त्यांना खोकला आहे. म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. जाळी विणणाऱ्या बाया बघत होत्या, बघू दे. कुणी उत्तर दिलं नाही. तिवरात बगळे होते, पाणी होतं. मला वाईट वाटलं. थोडं हायसंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

परवा मंडळात विचारणा झाली, मार्गदर्शनाचं काम आता कुणी करायचं, की बंदच करायचं. मी अर्ज दिला आहे. मला ते शिक्षण नाही, हे मी अर्जात लिहिलं आहे. पाठवलंत तर मुंबईला जाईन. नाही पाठवलंत तरी मुलं येतीलच, आणि आली की मी बसेन. माझा सल्ला चुकेल कधीतरी. ऐकण्यात कसूर करणार नाही, एवढं माईंसमोर सांगते.

माई, तुम्ही नऊ वर्षं त्यांना सांभाळलंत आणि एका शब्दानं कुणाला कळू दिलं नाहीत. तुम्हाला माझा नमस्कार. मास्तर, तुम्ही जिथे असाल तिथे, माझ्या बापूसला आणि तुम्हाला, दोघांना माझा नमस्कार.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. मुलांनो, हात खाली, डोळे मिटायची सक्ती नाही. ह्या दोन मिनिटांत कुणाला काही ऐकू आलं, तर दचकू नका आणि लपवूही नका. सभा संपल्यावर माझ्याकडे या. मी हसणार नाही. खरं का, असं विचारणार नाही.

उठू या.